मदत हवी आहे : जुनं जर्मन हस्ताक्षर वाचणारं कुणी आहे का?

मंडळी, न्यूयॉर्कला ईस्ट सहाव्या रस्त्यावर देशी हॉटेलांची रांग आहे ना, तिथेच ३२५ नंबरला एक सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आहे. पोटभर जेवून त्याच्यासमोरून कितीदा गेलोय! हे मूळचं जर्मन वस्तीतलं सेंट मार्क्स लुथरन (प्रोटेस्टंटांचा एक पंथ) चर्च, १८४७ सालचं, हे आत्ता कळलं.

१५ जून १९०४ ला या चर्चची वार्षिक सहल ‘जनरल स्लोकम’ बोटीने निघाली आणि ईस्ट नदीत बोटीला आग लागली. लाइफ जॅकेटांतल्या बुचाचा भुगा झालेला, आग विझवायचे पाण्याचे पाइप कुजलेले. १,०२१ माणसं गेली. बुधवार होता, पुरुष कामावर. त्यामुळे बहुतेक बायका-मुलंच. चर्चचे पाद्री हास यांची बायको आणि मुलगीसुद्धा. जवळच्या टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्कात १९०६ चं गुलाबी संगमरवरी स्मारक आहे, त्यावर दोन मुलं समुद्राकडे बघताना कोरलीत. माझी लेक तिथे बराच वेळ गप्प उभी होती.

जर्मन कुटुंबं पुढे मॅनहॅटनच्या वरच्या भागातल्या यॉर्कव्हिल वस्तीकडे सरकली. १९४० मध्ये इमारतीचं सिनेगॉग झालं, १९४६ मध्ये उरलेली मंडळी ८४व्या रस्त्यावरच्या झायन चर्चमध्ये सामील झाली.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी यावर लिहायचंय. अशा चर्चच्या जन्म-विवाहाच्या जुन्या वह्या बाहेरच्यांना बघू देतात का? आधी पत्र लिहावं की सरळ रविवारी जाऊन भेटावं? आणि त्या वह्यांतलं ते वळणदार जर्मन हस्ताक्षर कुणाला वाचता येतं का? मला छापील जर्मनच जेमतेम येतं.