मदत हवी आहे : बॅचलर भाडेकरूंवरचे सोसायटीचे नियम

पुण्यातली एक सहकारी गृहनिर्माण सोसायटी. टू बीएचकेत नोकरी करणारे तिघे, वय तेवीस-चोवीस. भाडेकराराची नोंदणी झाली आहे, पोलिसांकडे माहिती दिली आहे. तरी लिफ्टशेजारी कागद चिकटवलाय : ‘बॅचलरांनी रात्री १० नंतर पाहुणे आणू नयेत. मुलींना प्रवेश नाही. दंड ५०० रु.’ खाली सही नाही, ठरावाचा क्रमांक नाही. कुटुंबांकडे मात्र बारापर्यंत पाहुणे चालतात!

रात्री मोठ्याने गाणी लावू नका, हे सर्वांनाच लागू. त्यावर वाद नाही. पण घरी कोण येतं हे कमिटी कशाच्या आधारे ठरवते? आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठी सहकार खात्याची नमुना नियमावली) भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागत नाही, करार जोडून आगाऊ कळवावं लागतं. बिनभोगवटा शुल्कही (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही (२००१ चा शासन निर्णय). इथे मात्र ‘बॅचलर चार्ज’ वेगळा मागतात.

अडचण अशी की भाडेकरू सभासद नसल्याने त्याच्या पत्राला कमिटी दाद देत नाही, आणि घरमालक वाईटपणा घ्यायला तयार नाहीत. म्हणून विचारतो :

मालकांच्या सहीने सभेच्या इतिवृत्ताची प्रत मागायच्या अर्जाचा नमुना कुणाकडे आहे का? सर्वसाधारण सभेत ठराव झालेलाच नसेल, तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रारीसोबत काय जोडावं? नोटिशीचा फोटो आणि दंडाची पावती पुरते का? पावती द्यायलाच सेक्रेटरी टाळतात.