कॅनिस्टरच घ्या म्हणे!

काठावरचा
काल एका नवख्याने माशांच्या टाकीला फिल्टर कुठला घेऊ विचारलं, तर त्याला उत्तर मिळालं : "टाकी ४० लिटरची असो नाहीतर ४०० ची, कॅनिस्टरच घ्या. स्पंज फिल्टर म्हणजे बुडबुड्यांचं खेळणं." तिथेच लिहायला बसलो होतो, पण हात थांबेना म्हणून हा वेगळा धागा. (कॅनिस्टर म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा पंपवाला बंद डबा, स्पंज फिल्टर टाकीतच एअरपंपाच्या हवेवर चालतो.)

४० लिटरमध्ये बिचारा एकटा बेट्टा मासा ठेवायचा असेल तर कॅनिस्टर कशाला? त्या लांबलचक परांनी जोराच्या प्रवाहात पोहायचं म्हणजे उघडी छत्री घेऊन वादळात चालायचं. कोळंबीची पिल्लं असतील तर ती थेट नळीत. आणि खोक्यावरचा ताशी लिटरचा आकडा बहुतेक वेळा रिकाम्या यंत्राचा असतो. आत मीडिया (गाळायचं सामान) भरा, पाणी वर चढवायला लावा, मग बघा किती उरतो. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवायचं खरं काम जिवाणू करतात. त्यांना बसायला जागा आणि प्राणवायू हवा, आणि स्पंज दोन्ही देतो.

गाळीवरत्न
ते उत्तर माझं होतं. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.
बेट्टाचं मान्य, पण सगळं जग बेट्टा पाळत नाही. माझ्याकडे ३०० लिटरमध्ये पाच गोल्डफिश आहेत. गोल्डफिश म्हणजे चालतंबोलतं घाणीचं यंत्र. वर्षभर दोन मोठे स्पंज लावून पाहिले, तळाशी कायम काडीकचरा तरंगत असायचा. कॅनिस्टर लावला आणि आठ दिवसांत मागची भिंत दिसायला लागली. टाकीच्या चार-सहा पट पाणी तासाला फिरायला हवं हा ढोबळ हिशेब उगाच नाही. शिवाय एअरपंपाची ती घर्रघर्र! माझी टाकी पलंगाशेजारी आहे.

तळ्यातमळ्यात
एअरपंप लाकडी फळीवर ठेवला असेल. खाली फोमचा तुकडा घाला, निम्मा आवाज जाईल. मात्र तो पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा नाहीतर नळीत चेक व्हॉल्व्ह तरी लावा. वीज गेल्यावर पाणी उलटं पंपात येतं.

वीज म्हटल्यावर आठवलं. माझ्याकडेही कॅनिस्टर होता. एकदा रात्रभर वीज नव्हती, सकाळी आली, यंत्र आपोआप सुरू झालं. बंद डब्यात रात्रभर कोंडलेलं, प्राणवायू संपलेलं कुजकं पाणी सरळ टाकीत. संध्याकाळपर्यंत ११ निऑन टेट्रा गेले. तेव्हापासून स्पंज आणि बॅटरीवरचा छोटा एअरपंप. बुडबुड्यांचं खेळणं तर खेळणं.

गाळीवरत्न
डबा उघडून आतलं पाणी फेकून मग सुरू करायचा असतो. दोष यंत्राचा नाही.

तळ्यातमळ्यात
मी झोपलो होतो हो!

कोळसेवाला
हँग-ऑनचं (टाकीच्या काठावर टांगायचा फिल्टर) कुणी नावच काढेना. मध्यम टाकीला तोच सगळ्यात सोयीचा, फक्त ती कार्ट्रिजची (आत बसवायच्या, कोळसा भरलेल्या तयार गाळणीची) लूट बंद करा. "दर महिन्याला बदला" म्हणतात. बदललं की मेहनतीने वसवलेले जिवाणू कचऱ्यात! मी त्या जागी स्पंजचा तुकडा कोंबलाय, चार वर्षं तोच आहे. आणि तो कोळसा रोजच्या वापराला हवाय कशाला? काही आठवड्यांत निकामी होतो, आणि माशांना औषध दिलं तर तेही शोषून घेतो. कोणी सांगत नाही हे. कोणीच नाही.

टापटीप
एवढी भानगड कशाला ते कळत नाही. मी दर रविवारी फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत चोळते, सगळं पाणी बदलते. टाकी आरशासारखी.

काठावरचा
ताई, दर रविवारी हत्याकांड करताय! नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारायलाच घातलेलं असतं. टाकीतून काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचा, बस. तपकिरी राहिला तर राहू दे.

टापटीप
माझे मासे ठणठणीत आहेत.

काठावरचा
कधीपासूनचे?

टापटीप
गेल्या महिन्यातले.

गाळीवरत्न
आयुष्यात पहिल्यांदा काठावरचा यांच्याशी सहमत.

आडातलापोहरा
थांबा जरा. माझ्याकडे विहिरीचं पाणी आहे, क्लोरीनचा थेंब नाही. सहा वर्षं स्पंज नळाखाली धुतोय, एक मासा दगावला नाही. नियम पाठ करून ताईंवर तुटून पडू नका. जिवाणू काय फक्त स्पंजवर असतात? वाळूवर, दगडांवर, काचेवर, सगळीकडे असतात.

काठावरचा
विहीर असेल तर धुवा खुशाल. ज्यांच्या नळाला क्लोरीन येतं त्यांना तुमची सहा वर्षं काय कामाची? आणि पाणी रात्रभर ठेवलं की झालं असंही समजू नका. क्लोरामाइन (क्लोरीन-अमोनियाचं संयुग) घातलेलं असेल तर ते उडून जात नाही, थायोसल्फेटसारखं काहीतरी घालावंच लागतं.

आडातलापोहरा
पुस्तकी मासे.

काठावरचा
जिवंत आहेत, बारा वर्षांचा प्लेको आहे त्यात.

टापटीप
मी ओरडा खाल्ला आणि तुम्ही एकमेकांशी भांडताय.

पहिलीटाकी
मूळ प्रश्न माझा होता. टाकी ६० लिटरची आहे. सहा गप्पी कालच सोडले. फिल्टर अजून घ्यायचाय. गप्पी वर येऊन तोंड उघडतायत, ते चांगलं ना?

काठावरचा
नाही! लगेच पाव टाकी पाणी बदला, क्लोरीन काढलेलं, तेवढ्याच कोमट-गार पाण्याने. आज दाणे बंद, उद्यापासून चिमूटभर.

गाळीवरत्न
आणि आजच एअरपंप आणि स्पंज आणून लावा. (हे मी म्हणालो म्हणून कुणी नाचू नये. गप्पींसाठी म्हणतोय.) सायकल (म्हणजे टाकीत पुरेसे जिवाणू वसणं) पूर्ण व्हायला चार-सहा आठवडे लागतील, तोवर अमोनिया तपासत राहा. कुणाचा जुना, वापरलेला स्पंज मिळाला तर तो आपल्या टाकीत पिळा, त्यातले जिवाणू आयते मिळतील, आठवडे वाचतील.

टापटीप
माझा देऊ का? एकदम स्वच्छ आहे.