ॲडेनियमच्या 'कॉडेक्स'ला मराठीत काय म्हणायचं?

शब्दवेल्हाळ: बागकामाच्या पुस्तिकेत ॲडेनियम ओबेसमचं वर्णन द्यायचं आहे. मूळ मजकुरात 'कॉडेक्स' (या झाडाचा जमिनीलगतचा फुगलेला गोळा) पदोपदी येतो. मी 'कंद' लिहिलं. नर्सरीच्या माळीबुवांनी ते खोडून 'बुंधा' केलं, मुद्रितं तपासणाऱ्यांनी तेही खोडून 'स्थूलकांड'. वाक्य असं आहे: 'साहेलपासून केनियापर्यंत आणि अरबस्तानात आढळणारं, मांसल ____ असलेलं, एक ते तीन मीटर उंचीचं झुडूप.' गाळलेल्या जागी काय?

मातीकाम: काहीही लिहा, कंद नको. कंद म्हणजे कांदा, निशिगंध. इथे फुगतो तो बीजपत्रांखालचा देठ (परिभाषेत अधराक्ष), त्याच्या वरचा खोडाचा तळ आणि खालचं सोटमूळ. तिन्ही मिळून तो गोळा होतो. आणि 'कंद' वाचलं की लोक तो मातीत पुरतात. पुरलेला भाग ओला राहून कुजतो. खरं तर दर वेळी कुंडी बदलताना तो दोन-तीन सेंटीमीटर वर उचलून लावायचा असतो, म्हणजे जाड मुळं उघडी पडतात आणि झाडाला आकार येतो.

पाचर: माळीबुवांना शंभर गुण. बुंधा! संस्कृत 'बुध्न' म्हणजे तळ, त्यावरून आलेला. स्थूलकांड ऐकून काहीतरी घोटाळा उघडकीला आल्यासारखं वाटतं.

खडूफळा: बुंधा तर आंब्यालाही असतो, वडालाही. छाटकलम करून वाढवलेल्या ॲडेनियमलाही बुंधा असतो, पण त्याला बियाण्याच्या रोपासारखा गरगरीत कॉडेक्स सहसा धरत नाही. फक्त मुळं जाड होतात. हा फरक गिऱ्हाइकाला कोणत्या शब्दाने सांगणार? परिभाषा हवीच.

पाचर: 'फुगीर बुंधा'. झालं की. लॅटिनमध्ये तरी 'कॉडेक्स' कुठे भारी आहे? साधं खोड, ओंडका. ओंडक्याच्या फळ्या करून त्यांवर लिहीत, म्हणून पुढे ग्रंथालाही कोडेक्स म्हणू लागले. त्यांनी घरातला शब्द घेतला, आपण का लाजायचं?

सोनटक्का: मला तर वाटतं आपलं 'खोड' आणि त्यांचं 'कॉडेक्स' एकाच मुळातून आले असावेत. क-ड, ख-ड!

खडूफळा: दोन व्यंजनं जुळली म्हणून सोयरीक होत नाही. तसं असतं तर 'खोडी' पण त्याच घरातली.

सोनटक्का: बरं, राहिलं. पण पुस्तिकेत ॲडेनियमला 'डेझर्ट रोज'वरून 'वाळवंटी गुलाब' लिहिणार असाल तर माझा आधीच निषेध. गुलाबाचा काय संबंध? हे करवीर कुलातलं झाड आहे, कण्हेरीचं भावंड.

मातीकाम: इतकं भावंड की फोर्सकॉलने त्याला कण्हेरीतच टाकलं होतं. शास्त्रीय नामपद्धती रूढ करणाऱ्या लिनियसचा हा शिष्य डॅनिश मोहिमेबरोबर येमेनला गेला आणि 1763 मध्ये तिथेच वारला. त्याची टिपणं सहप्रवासी नीबूरने 1775 मध्ये छापली, त्यात नाव आहे 'नेरियम ओबेसम'. (हाच नीबूर पुढे मुंबईला आला आणि घारापुरीची लेणी पाहून त्यांवर लिहून गेला.) 1819 मध्ये रोमर आणि शुल्टेस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी ॲडेनियम वेगळं काढलं. नाव येमेनमधल्या एडन बंदरावरून. म्हणून शास्त्रीय नावामागे फोर्सकॉल कंसात येतो आणि ते दोघे कंसाबाहेर. पुस्तिकेत हा कंस गाळू नका, छापताना नेमका तोच उडतो.

वेगळं का काढलं ते कुंडीतही दिसतं. कण्हेरीची पानं एका पेरावर तीन-तीन, ॲडेनियमची एकाआड एक, फांदीच्या टोकाशी दाटलेली. शेंगा दोघांच्या जोडीने येतात, पण कण्हेरीच्या बीला एकाच टोकाला केसांचा झुबका, ॲडेनियमच्या बीला दोन्ही टोकांना. शेंग तडकायच्या आधी दोऱ्याने बांधली नाही तर सगळं बी वाऱ्यावर जातं.

सोनटक्का: म्हणजे 'वाळवंटी कण्हेर' म्हणा. चीक विषारी आहे हेही त्यातून कळेल. आफ्रिकेत तो बाणांना लावत आले आहेत. गुलाब म्हटलं की मुलं हात लावणार.

पाचर: नर्सरीत 'वाळवंटी कण्हेर' मागून बघा, पिवळी कण्हेर हातात देतील. लोक 'अडेनियम' म्हणतात, तेच लिहा. दक्षिण आफ्रिकेतल्या ॲडेनियम मल्टिफ्लोरमला इंपाला लिली म्हणतात, ती तरी कुठे लिली आहे? नाव चालतं म्हणून चालतं.

खडूफळा: मल्टिफ्लोरम ही वेगळी प्रजाती आहे.

मातीकाम: जाती! जाती म्हणजे स्पीशीज, प्रजाती म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट. वर्तमानपत्रांनी हिंदीवरून उचललं आणि सगळा गोंधळ केला. ॲडेनियम ही प्रजाती, ओबेसम ही जाती. त्यातही काही जण मल्टिफ्लोरमला ओबेसमचाच एक प्रकार मानतात.

खडूफळा: जीनसला 'वंश' आहे ना. आणि 'जात' शब्द आज कोणी सहज वापरत नाही, त्याला कारणं आहेत.

शब्दवेल्हाळ: वंश-जाती नंतर भांडू. माझी गाळलेली जागा?

कुंडीभर: मध्येच विचारतो. पावसाळ्यात बुंधा (की जे काय ते) दाबल्यावर मऊ लागतो. पाणी वाढवू का?

मातीकाम: आधी नीट दाबून बघा. तहानेने मऊ झाला असेल तर सगळीकडून सारखा दबतो, साल सुरकुतलेली असते, पाणी दिल्यावर काही दिवसांत पुन्हा टणक होतो. पण पावसात भिजणारी कुंडी तहानेली असायची शक्यता कमी. एकाच जागी बोट रुतत असेल, साल तपकिरी होऊन पाणी सुटत असेल, तर कुज आहे. झाड उपटा, हातमोजे घाला, पातं स्पिरिटने पुसून मऊ भाग पांढरा गर लागेपर्यंत कापा. तपकिरी ठिपका राहिला तर कुज पुन्हा पसरते. कापावर ताम्रयुक्त बुरशीनाशकाची पूड लावून सावलीत, हवेशीर जागी आठवडाभर तसंच उघडं ठेवा. मग जाड वाळू आणि विटांचे तुकडे जास्त, कोकोपीट थोडं, अशा मिश्रणात लावा आणि पुढचे पाच-सहा दिवस पाणी नको.

पाचर: कलमी असेल तर कलमाची गाठही तपासा. बहुपाकळी वाण बियाण्याच्या रोपावर पाचर कलम करून बांधतात. पावसात पाणी तिथे शिरलं की वरचा भाग आधी जातो आणि खालचा बुंधा धडधाकट राहतो. तो टाकू नका, त्याला नवे कोंब फुटतात.