वाळवंटातली निवांत सुट्टी : तुमचे अनुभव लिहा

अवनी_क
काल रात्री ट्रान्सफॉर्मर गेला. पंखे, पाण्याचा पंप, समोरच्यांचा टीव्ही, सगळं एका क्षणात बंद. गॅलरीत उभी होते आणि खुरी गाव आठवलं. 2016 चा डिसेंबर. जैसलमेरला येणारे बहुतेक सगळे सम गावाजवळच्या वाळूत जातात, पण तिथे रात्री उशिरापर्यंत गाणीबजावणी चालते आणि आईला ते नको होतं. म्हणून खुरी. मातीच्या झोपडीबाहेर बाज टाकून पडलो होतो. आई म्हणाली, "काहीच ऐकू येत नाहीये गं." मग बऱ्याच वेळाने मागून एकच आवाज, पाट्यावर भिजलेली डाळ वाटावी तसा. उंट रवंथ करत होता! सकाळी वाळूवर किड्यांच्या पावलांच्या रेघा, हातशिलाईचे टाके घातल्यासारख्या.
आईला आता कमी ऐकू येतं. फोनवर विचारलं, खुरी आठवतं का? तर लगेच म्हणाली, "उंट ना?"
तुम्ही गेला असाल तर लिहा ना.

माळरान_सोलापूर
माळढोक पक्षी दिसला का ताई? तिकडे गोडावण म्हणतात. लहानपणी वडिलांनी नान्नजला दाखवला होता, नंतर किती खेपा मारल्या पण नाही दिसला. शेवटी डेझर्ट नॅशनल पार्कात सुदासरीला, सकाळी सातला. दोन होते. मान ताठ, पांढरी, गवतातून अगदी सावकाश चालत होते. माझे डोळे भरून आले, खरं सांगतो. आता उरलेले बहुतेक सगळे जैसलमेर जिल्ह्यातच आहेत आणि विजेच्या तारांना धडकून मरतात. त्याला समोरचं नीट दिसत नाही, अंगाने जड, ऐनवेळी वळता येत नाही. त्या तारा जमिनीखालून न्यायलाच हव्यात.

मस्कतकर
आमची शुक्र-शनि सुट्टी. दुपारी निघालं की संध्याकाळी इथल्या, ओमानच्या वहिबा वाळवंटात. बिदियाला थांबून चारही टायरची हवा कमी करायची म्हणजे टायर पसरतो आणि वाळूत धसत नाही. एका मित्राने ऐकलं नाही, गाडी पोटापर्यंत रुतली. एक बेदू (वाळवंटातले भटके अरब) आजोबा आले, आधी कहवा म्हणजे अरबी कॉफी आणि खजूर, मग गाडी. पैसे घेतले नाहीत. "तुम्ही पाहुणे" एवढंच.

पिंकी_नाशिक
स्वेटर न्या हो सगळ्यांनी!! दिवसा ऊन बघून मुलांना पातळ कपड्यांत नेलं, रात्री दोघं कुडकुडत होती. हवा कोरडी आणि वर ढग नाहीत, दिवसाची ऊब धरून ठेवायला काही नसतंच.

शमीपत्र
दुबईत 11 वर्षं झाली. वाळूत एकटं उभं असतं ते घाफचं झाड. राजस्थानात तीच खेजडी आणि आपल्याकडे तीच शमी. पहिल्यांदा कळलं तेव्हा त्या झाडाला हात लावून उभी राहिले, दसरा होता आणि माहेर आठवत होतं. 1730 मध्ये जोधपूरजवळ खेजडलीला ह्याच झाडांची तोड थांबवताना बिश्नोई पंथाच्या 363 लोकांनी जीव दिला. अमृतादेवी पहिल्या. शमीची पूजा करताना आता त्यांचीही आठवण होते.

अवनी_क
@शमीपत्र अंगावर काटा आला. आम्ही त्याच झाडाखाली बसून बाजरीची भाकरी आणि सांगरीची भाजी खाल्ली. सांगरी म्हणजे त्याच्याच शेंगा ना?

शमीपत्र
हो. कोवळ्या तोडून वाळवतात.

पिंकी_नाशिक
ती भाजी घरी कशी करायची? सुकी सांगरी आणलीय, डब्यात पडून आहे.

कच्छी_सून
कच्छचं रण चालेल का इथे? वाळू नाही, मीठ आहे, पण पावसाळ्यात पाणी भरतं आणि मग सुकून पांढरं होतं. धोरडोला पौर्णिमेला गेलो. सासूबाई चप्पल काढून चालल्या, पायाखाली मीठ कुरकुर वाजत होतं. परत येताना गाडीत कुणीच बोललं नाही. तिथल्या रण उत्सवातली गर्दी नको असेल तर तंबूनगरीपासून लांब, गावातल्या भुंग्यात राहा. भुंगा म्हणजे तिथलं गोल मातीचं घर.

मस्कतकर
@कच्छी_सून चालेल काय, धावेल! फोटो टाका.

कच्छी_सून
@पिंकी_नाशिक सांगरी रात्रभर पाण्यात भिजव, सकाळी उकड. सोबत केर (तिकडची छोटी रानफळं) असतील तर ते वेगळे ताकात भिजव, कडूपणा जातो. फोडणीत सुकी लाल मिरची, धणे, शेवटी आमचूर. तेल जरा सढळ हाताने.

पिंकी_नाशिक
आज रात्रीच भिजवते.