शब्दचर्चा : ‘हेड ट्रॅकिंग’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न (म्हापसा) : विमानोड्डाणाच्या सिम्युलेटरविषयी (संगणकाच्या पडद्यावर उड्डाणाचा सराव देणाऱ्या प्रणालीविषयी) विद्यार्थ्यांसाठी मराठीत माहितीपत्रक लिहीत आहोत. ‘हेड ट्रॅकिंग’साठी (म्हणजे डोक्याची हालचाल मोजून त्यावरून पडद्यावरचे दृश्य हलवणे) ‘शिरोमागोवा’ आणि ‘व्ह्यू कंट्रोल’साठी ‘दृष्टिकोन-नियंत्रण’ हे शब्द सुचले आहेत. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर (फोंडा) : ‘दृष्टिकोन’ हा शब्द मराठीत मत किंवा विचारसरणी या अर्थाने इतका रुळला आहे की ‘दृष्टिकोन-नियंत्रण’ वाचून कोणाच्या तरी विचारांवर ताबा ठेवण्याचा भास होईल. ‘पाहण्याची दिशा बदलणे’ एवढे पुरे. ते काम जॉयस्टिकवरच्या हॅट स्विचने (अंगठ्याने हव्या त्या दिशेला ढकलायच्या छोट्या बटणाने) होते, माऊसने होते आणि मानेनेही होते. हेड ट्रॅकिंग हा त्यांपैकी एक मार्ग आहे, हे पत्रकात आधी सांगावे.

‘मागोवा’ मला पटत नाही. मागोवा घेतला जातो तो होऊन गेलेल्या गोष्टीचा, पुढे गेलेल्याच्या पावलांचा. येथे मात्र ट्रॅकआयआरसारखे साधन टोपीवर बसवलेल्या तीन बिंदूंकडे अवरक्त कॅमेऱ्याने सतत पाहत असते आणि त्यांच्या परस्पर मांडणीवरून डोके त्या क्षणी कोठे व कसे आहे हे मोजत असते. याला आपल्याकडे ‘वेध घेणे’ म्हणतात. वेधशाळेत ताऱ्यांच्या स्थानांबाबत हेच केले जाते. तरीही ‘शिरोवेध’ असा समास करू नये, कारण ‘कर्णवेध’ म्हणजे कान टोचणे हे घरोघर ठाऊक आहे आणि वाचक त्याच वाटेने जाईल. ‘डोक्याचा वेध’ असे सुटे लिहिणेच बरे. डोळ्यांच्या बुबुळांवरून दिशा ओळखणारी साधने वेगळी. तेथे ‘नजरेचा वेध’ म्हणावे.

खरी श्रीमंती हालचालींच्या शब्दांत आहे. डोक्याच्या सहा हालचाली मोजल्या जातात : तीन वळण्याच्या, तीन सरकण्याच्या. वळण्यासाठी ‘मान वळवणे’, ‘मान वर-खाली करणे’ आणि ‘मान कलती करणे’ हे शब्द तयारच आहेत. सरकण्यासाठी, विशेषतः बाजूला किंवा पुढे झुकण्यासाठी, ‘डोकावणे’ हे क्रियापद मला अत्यंत चपखल वाटते. गोव्यातील दाबोळी विमानतळाच्या दक्षिणेकडून, समुद्रावरून वळसा घालत पश्चिमाभिमुख धावपट्टीवर उतरण्याचा सराव करताना धावपट्टी डाव्या खांद्याच्या मागे जाते. तेव्हा मान वळवूनही खिडकीची चौकट आड येते आणि किंचित पुढे डोकावल्यावरच धावपट्टीचे टोक दिसते. या दोन हालचालींना दोन वेगळी क्रियापदे दिली, तर सहा हालचालींची निम्मी शिकवणी तेथेच होते.

पुरवणी (वास्को) : वरील विवेचनाशी सहमत आहे. एका गोष्टीची भर घालावीशी वाटते. पडदा समोर स्थिर असल्यामुळे मान पूर्ण वळवली तर पडदाच दिसेनासा होईल. म्हणून प्रणाली मानेच्या लहान हालचालीचे मोठे वळण करते. मान वीसेक अंश वळली की कॉकपिटमधली नजर नव्वद अंश वळावी, अशी रचना करता येते. मधोमध थोडी जागा मुद्दाम निष्क्रिय ठेवतात, म्हणजे श्वासागणिक दृश्य हलत नाही. त्यामुळे ‘डोक्याप्रमाणे दृश्य हलते’ हे वाक्य पत्रकात लिहू नये. ‘डोक्याच्या हालचालीवरून दृश्य हलते’ असे लिहावे. डोक्यावर चढवायच्या व्हीआर (आभासी वास्तव) संचात पडदा डोक्याबरोबर फिरतो, तेथे ‘प्रमाणे’ योग्य ठरेल.

प्रश्न (म्हापसा) : दोघांचेही आभार. ‘रीसेंटर’च्या कळीला ‘पुनर्केंद्रीकरण’ लिहावे का?

उत्तर (फोंडा) : नको. ती कळ दाबताना आपण सरळ बसतो आणि डोक्याची तीच स्थिती शून्य धरली जाते. कळीखाली ‘हेच समोर’ असे लिहावे. दहावीच्या मुलालाही ती केव्हा दाबायची ते विचारावे लागणार नाही.