उन्हाचे अनुभव लिहा

रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व ११ निघालं. २० च्या खाली म्हणजे कमतरता. पुण्यात राहून ही गत! डॉक्टरांनी आठवड्याला एक, ६०,००० युनिटची पुडी दिलीय. मी तर रोज सकाळी खिडकीशी उन्हात बसूनच पेपर वाचते. उन्हाने भाजलेले, उन्हाला आसुसलेले, सगळ्यांनी लिहा.

स्टेअरिंगवाला: खिडकी बंद असते ना? मग काय उपयोग! ड जीवनसत्त्वाला लागणारे यूव्हीबी किरण काच अडवते. यूव्हीए मात्र आत येतात. टूरच्या गाड्या चालवून माझा उजवा हात डाव्यापेक्षा काळा झालाय, काच वर असूनसुद्धा. आणि ते कोवळ्या उन्हाचं कौतुक जरा जास्तच होतं. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते, तेव्हाचं ऊन कामाचं.

एडिंबराकर: डिसेंबरात इथे पावणेचारच्या आत सूर्य गुडुप. असतो तेव्हाही त्यात जोर नसतो. थंडीत रोज १० मायक्रोग्रॅम ड घ्या असं सरकारच सांगतं. आई फोनवर विचारते, उन्हात बसतोस ना रे? कुठल्या?

वैदर्भीय सून: आखूड सावलीचा सल्ला मे महिन्यात चंद्रपूरला नका देऊ. पारा ४५ च्या पुढे. सासरे भर दुपारी शेतातून आले, डोक्याला दुपट्टा होता तरी. ओसरीवर बसले आणि गेलेल्या बैलाला हाका मारायला लागले. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही. जाऊबाई म्हणे, कांदा हुंगवा. मी ओली चादर गुंडाळून त्यांना कूलरपुढे निजवलं, वरून पाणी शिंपडत राहिले. शुद्ध धड नव्हती म्हणून पाणी पाजलं नाही, ठसका लागून छातीत गेलं असतं. दिराने गाडी काढली. दवाखान्यात म्हणाले, उष्माघातच. वाचले. आता उन्हाळ्यात दहाच्या आत घरी येतात, तेही कुरकुरत.

सरबतवाली: लग्नघरी अंगणात भर उन्हात लिंबं पिळली. एक-दोन दिवसांनी मनगटावर रस ओघळला होता तिथे तिथे लालबुंद पट्टे नि फोड. सगळ्यांना वाटलं, तेल उडालं. त्वचेच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, ‘लिंबू की अंजिराचा चीक?’ लिंबाच्या रसावर ऊन पडलं की असं पोळतं म्हणे. काळे डाग जायला दिवाळी उजाडली.

पुडीवाली ताई, पुडी उपाशीपोटी नका घेऊ. जेवणात तूप-तेल असेल तर नीट लागू पडते.