अनुभव धागा: जोगजा फिरताना वेळा, वाटा आणि वहाणा

इंडोनेशियात जावा बेटावरचं जोगजकर्ता, बोलीत नुसतं 'जोगजा'. बालीच्या सहलीला जोडून इथे तीन-चार दिवस काढावेत का, हा प्रश्न दर मोसमात निघतो आणि उत्तरं दहा ठिकाणी विखुरतात. म्हणून हा एकच धागा. जे जाऊन आलेत किंवा तिथे राहतात त्यांनी लिहावं. विनंती एवढीच, की 'आम्ही पोचलो, दमलो, जेवलो' नको. किती वाजता, किती पैसे, कुठून, आणि नेमकं काय फिसकटतं, तेवढं लिहा. दर रुपियात सांगा. १०,००० रुपिया म्हणजे साधारण पन्नास-पंचावन्न रुपये. दर बदलतात, तेव्हा आकडे अंदाज म्हणूनच धरा.

*

पहिली चूक हॉटेलपासूनच होते. नवा विमानतळ शहरात नाही, पश्चिमेला कुलोन प्रोगो जिल्ह्यात आहे, चाळीसेक किलोमीटरवर. जुना आदिसुचिप्तो विमानतळ शहराच्या पूर्वेला. 'विमानतळाजवळ' असं वाचून जुन्याजवळचं हॉटेल घेतलं, की उतरल्यावर अख्खं शहर ओलांडावं लागतं. नव्या विमानतळातूनच रेल्वे निघते आणि सुमारे ४० मिनिटांत तुगु स्टेशनला (पाट्यांवर 'योग्यकर्ता') आणून सोडते. साधी गाडी २०,००० रुपिया, जलद ५०,०००. स्टेशनातून मालिओबोरो हा मुख्य बाजाररस्ता चालत पाच-सात मिनिटं. टॅक्सीला रस्त्यावर दीड तास लागू शकतो, त्यामुळे सामान फारच असेल तरच तिच्या वाटेला जा.

भारतीय पासपोर्टला पोचल्यावर व्हिसा मिळतो, ५ लाख रुपिया, ३० दिवस. ऑनलाइन काढून गेलात तर एक रांग वाचते. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. विषुववृत्त जवळ असल्याने बाराही महिने साडेपाचच्या आसपास उजाडतं आणि सहाच्या सुमाराला अंधार पडतो. आपल्या सवयीने नऊला नाश्ता करून निघणाऱ्याचा निम्मा दिवस बुडालेला असतो.

*

वारांचं गणित आधी मांडा, मग बाकीचं. सोमवारी बोरोबुदुर या प्रचंड बौद्ध स्तूपावर चढू देत नाहीत आणि क्रातोन, म्हणजे सुलतानांचा राजवाडाही बंद असतो. शनिवार-रविवार धरून गेलेला माणूस नेमका सोमवार 'निवांत बोरोबुदुरला' राखून ठेवतो आणि फसतो. सोमवार प्रंबाननच्या हिंदू मंदिरांना किंवा मेरापी ज्वालामुखीला द्या.

*

बोरोबुदुरबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे.

दोन प्रकारची तिकिटं आहेत. एक फक्त आवाराचं. त्यात स्तूप खालून दिसतो, वर जाता येत नाही. दुसरं वर चढण्याचं, परदेशी प्रौढाला साधारण साडेचार लाख रुपिया. दिवसाला १,२०० जणांनाच वर सोडतात, तासाला १५० च्या तुकड्या करून, सोबत गाईड. हे तिकीट ऑनलाइन आधी घ्यावं लागतं. सुट्टीच्या दिवसांत दारात जाऊन मागितलं तर आवाराचंच हातात पडतं. शहरापासून अंतर ४० किलोमीटर, वेळ सव्वा ते दीड तास. चालकासकट गाडी दिवसभराची ६ लाखांच्या आसपास मिळते. ती घेतलीत तर वाटेवरचं मेंदुतही होतं. तिथला बसलेला बुद्ध तीन मीटर उंच आहे आणि मांडी न घालता खुर्चीवर बसल्यासारखे पाय खाली सोडून बसलाय. दहा मिनिटांचंच काम आहे, पण चुकवू नका.

वर असायला मिळतो जेमतेम तास. गाईड सहसा सरळ माथ्याकडे नेतात, कारण फोटो तिथे. शिल्पं मात्र खालच्या सज्जांमध्ये आहेत. म्हणून सुरुवातीलाच सांगायचं, 'पहिली गॅलरी दाखवा.' पूर्वेच्या पायऱ्यांनी चढून डावीकडे वळायचं आणि स्तूप उजव्या हाताला ठेवत जायचं, आपली प्रदक्षिणाच. आतल्या भिंतीवरच्या वरच्या ओळीत १२० फलकांत ललितविस्तर, म्हणजे बुद्धाचं चरित्र क्रमाने येतं. त्याच्या खालच्या ओळीत जातकं आणि अवदानकथा. डौलाची शिडाची जहाजंही याच खालच्या ओळीत.

माथ्यावर तीन गोल चौथरे, त्यांवर ३२, २४ आणि १६ असे ७२ जाळीदार स्तूप. जाळी नीट बघा. खालच्या दोन चौथऱ्यांवर भोकं शंकरपाळ्याच्या आकाराची आहेत, सगळ्यात वरच्यावर चौकोनी. उतरल्यावर आग्नेय कोपऱ्यात पायथ्याचा थोडा भाग उघडा ठेवलाय. कर्मविभंगाचे (कर्म आणि त्याची फळं) १६० फलक पायथ्याभोवती दगडी आवरणामागे झाकलेले आहेत, त्यातले मोजके तिथे दिसतात. बहुतेक जण त्यावरून थेट बाहेरच्या बाजाराकडे जातात.

*

वरच्या प्रतिसादात वहाणांचं राहिलं. चढण्याच्या तिकिटात विणलेल्या सपाता देतात, नाव 'उपानत'. दगड झिजू नये म्हणून स्वतःचे बूट काढून या घालाव्या लागतात. बूट ठेवायला पिशवी मिळते आणि सपाता घरी नेता येतात. शब्द संस्कृत 'उपानह'चा, ज्यातून आपली 'वहाण' आली. तळवा पातळ असतो. ओल्या पायरीवर जपून, आणि माप मागून घ्या. सैल सपात त्या उंच पायऱ्यांवर निसटते.

सूर्योदय स्तूपावरून बघायचा बेत असेल तर या तिकिटावर जमत नाही, पहिली तुकडीच सकाळी साडेआठच्या सुमाराला जाते. पहाटेसाठी पुंथुक सेतुम्बु टेकडी आहे. धुक्यात स्तूप लांब, नखाएवढा दिसतो. नोव्हेंबर ते मार्च पावसाळा, तेव्हा बहुधा नुसतं धुकंच दिसतं. मे ते सप्टेंबर उत्तम.

*

प्रंबाननला गाडी करायची गरज नाही. तुगु किंवा लेंपुयांगान स्टेशनवरून सोलोकडे जाणारी लोकल घ्यायची आणि ब्रंबानान स्टेशनला उतरायचं. भाडं कुठेही ८,०००. खिडकीवर रोख तिकीट मिळेल या भरवशावर राहू नका, कार्ड किंवा अ‍ॅप लागतं. स्टेशनवरून मंदिर चालत वीसेक मिनिटं. मालिओबोरोवरून ट्रान्सजोगजाची १अ क्रमांकाची बसही जाते, स्वस्त पण रमतगमत.

देवळं पूर्वाभिमुख आहेत, म्हणून उजेड सकाळचा चांगला. शिवमंदिर ४७ मीटर उंच, त्याच्या दक्षिणेला ब्रह्मा, उत्तरेला विष्णू. शिवमंदिरात चार गाभारे. पूर्वेला शिव, दक्षिणेला अगस्त्य, पश्चिमेला गणपती, उत्तरेला महिषासुरमर्दिनी. स्थानिक लोक तिला 'लोरो जोंग्रांग' म्हणतात आणि दगड झालेल्या राजकन्येची गोष्ट सांगतात. आत मिट्ट काळोख असतो. मोबाइलचा उजेड मूर्तीच्या चेहऱ्यापर्यंत नीट पोचत नाही, लहान विजेरी न्या. वर किती जणांना आणि कसं सोडतात हे दिवसावर असतं, तेव्हा दारातच विचारा. २७ मे २००६ च्या भूकंपात इथले दगड निखळले होते.

रामायण शोधताना फसगत होते ती नजर मंदिराच्या भिंतीकडे असल्यामुळे. पट आहे कठड्याच्या आतल्या बाजूला. म्हणजे प्रदक्षिणा घालताना देव उजवीकडे, रामायण डावीकडे. सुरुवात शेषावरच्या विष्णूपासून, आणि शिवमंदिराची फेरी पुरी होते तेव्हा गोष्ट सेतूपाशी आलेली असते. तिथे थांबलात तर युद्ध राहून जातं. पुढचा भाग ब्रह्ममंदिराच्या कठड्यावर आहे. विष्णुमंदिराच्या कठड्यावर कृष्णकथा.

त्याच आवारात उत्तरेला चंडी सेवू हे मोठं बौद्ध मंदिर आहे, तिकीट वेगळं नाही. उन्हात अर्धा-पाऊण किलोमीटर चालायचा कंटाळा करून लोक परततात. त्याच्याही पुढे प्लाओसान, भातशेतीच्या कडेला, बरंच शांत. माझ्या मते दुपारी चारनंतर तिथे असावं.

*

क्रातोनला दोन दारं आणि दोन वेगळी तिकिटं आहेत. उत्तरेच्या मैदानाकडून गेलात तर पागेलारान नावाच्या पुढच्या मंडपाचं तिकीट मिळतं. आतला वाडा त्यात नाही! वाड्यासाठी बाजूने वळून केबेनच्या दाराशी जायचं. दुपारी दोन-अडीचला बंद होतो, म्हणून नऊलाच पोचा. सकाळी गामेलान या वाद्यवृंदाचा किंवा नाचाचा कार्यक्रम असतो, वारानुसार बदलतो. आत टोपी काढावी लागते.

तामान सारी, म्हणजे सुलतानांचं जलमहाल-उद्यान, तिथून चालत पंधरा मिनिटं. तीनच्या आसपास बंद. स्नानाची कुंडं सगळे बघतात, पण सुमुर गुमुलिंग ही गोल, जमिनीखालची मशीद वस्तीतल्या बोळांतून गेल्यावर सापडते. मधोमध पाच जिने एकत्र येतात. फोटोची रांग तिथेच लागते, दहाच्या आत गेलात तर मोकळं मिळेल.

आणि या पट्ट्यातला सापळा. रस्त्यात एखादा सभ्य गृहस्थ थांबवून सांगतो, 'क्रातोन आता बंद झाला, पण इथे जवळच कलाशाळेच्या मुलांचं बातिक प्रदर्शन आहे, आज शेवटचा दिवस.' वाडा उघडा असतो, शेवटचा दिवस रोजच असतो, आणि दुकानात त्याचं कमिशन ठरलेलं असतं. बेचाकवाला (तीनचाकी सायकलरिक्षा) फारच स्वस्तात फिरवायला निघाला तर तोही तिकडेच नेणार. 'तिदाक, तेरिमा कासिह' (नको, धन्यवाद) म्हणायचं आणि चालायला लागायचं.

*

बातिक घ्यायचंच असेल तर बेरिंगहार्जो बाजारात, सकाळी. ओळख अशी: कापड उलटं करा. छापील माल असेल तर मागची बाजू फिकट, पांढुरकी. मेणाने केलेल्या खऱ्या बातिकमध्ये रंग दोन्ही बाजूंना जवळपास सारखा. मग दुसरी पायरी. 'चाप', म्हणजे तांब्याच्या ठशाचं काम, त्यात नक्षी ठरावीक अंतराने हुबेहूब परत येते आणि ठशांचा सांधा दिसतो. 'तुलिस', म्हणजे चांतिंगने (मेणाच्या लेखणीने) हाताने रेखलेलं, त्यात शेजारचे दोन ठिपकेसुद्धा सारखे नसतात. छापील शर्ट लाखाच्या आत, चाप त्याच्या दुप्पट-तिप्पट, चांगलं तुलिस त्याहून कितीतरी वर. कुणी तुलिस म्हणून दीड लाखाला साडीएवढं कापड देत असेल तर समजून जा. 'बोलेह कुरांग?' (कमी होईल?) एवढं हसून विचारलं की घासाघीस सुरू होते.

'पारांग'ची तिरकी नक्षी अंगावर घालून क्रातोनमध्ये जाऊ नये, ती राजघराण्याची मानतात. पाहुण्यांना कुणी हाकलत नाही, पण जाणते लोक बघत राहतात.

*

शाकाहाऱ्यांसाठी: गुदेग म्हणजे कोवळा फणस नारळाच्या दुधात आणि गुळात तासन्‌तास शिजवलेला. चव गोड. ऐकायला आपली फणसाची भाजी, पण ताटात अंडं, कोंबडी आणि 'क्रेचेक' येतं. क्रेचेक म्हणजे गायी-म्हशीचं कातडं. वरून घालतात ती आरेह, नारळाची साय, तिच्यातही कोंबडीचं पाणी असू शकतं. मिरचीच्या सांबालमध्ये 'तेरासी' म्हणजे कोळंबीचा वाटलेला गोळा. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटल्याने काम होत नाही, जिन्नस मोजून सांगावे लागतात: 'तान्पा दागिंग, तान्पा आयाम, तान्पा इकान, तान्पा तेरासी' (मांस, कोंबडी, मासे, तेरासी नको). अंडंही नको असेल तर 'तान्पा तेलुर'.

भरवशाचं: तेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), ताहु (टोफू), आणि शेंगदाण्याच्या वाटणातल्या भाज्या, म्हणजे लोतेक किंवा पेचेल. त्यातही तेरासी विचारा आणि कोळंबीचे पापड बाजूला ठेवायला सांगा.

घरी आणायला बाकपिया, आत सालीविरहित मुगाचं गोड सारण, आपल्या पुरणाच्या जवळचं. मऊ प्रकार चार-पाच दिवसांत खराब होतो. बालीहून पुढे मुंबईला यायचं असेल तर 'केरिंग', कोरडा घ्या.

*

मेरापीची जीप: कालिउरांग-चांग्क्रिंगान भागातून निघते. भाडं माणशी नाही, जीपचं असतं, चौघांत लहान फेरी साडेतीन-चार लाख. तेव्हा आधी चौघं जमवा. २०१० च्या उद्रेकातल्या एका घरात वितळलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे आणि कालियादेमचा बंकर. डोंगर दिसायला हवा असेल तर पहाटेची फेरी. नऊ-दहानंतर ढग चढतात आणि पैसे देऊन फक्त धूळ मिळते. नाकातोंडाला रुमाल हवाच. शिखराची चढाई २०१८ पासूनच बंद आहे, ५ नोव्हेंबर २०२० ला धोक्याची पातळीही तिसरी केली. कुणी 'गुपचूप नेतो' म्हणाला तरी जाऊ नका.

जोंब्लांगची गुहाही वेळेचीच. दोराने साठेक मीटर खाली सोडतात, मग चिखलातून तीनेकशे मीटर बोगदा, आणि पलीकडच्या ग्रुबुग गुहेत वरून उन्हाचा झोत पडतो, साधारण दहा ते बारा. शहरापासून दोन तास, म्हणजे सातच्या आत निघायचं. माणशी ५ लाख, बूट-हेल्मेट-जेवण त्यात. वर ओढायला माणसंच असतात, एकेक जोडी वर जाते, म्हणून परतीला तासभर थांबावं लागतं. ढगाळ दिवशी झोत नाही आणि पैसेही परत नाहीत.

*

परांगत्रितिसच्या समुद्रात पोहायचं नाही. परतीचा ओढा माणसाला आत खेचतो. हिरवे कपडे घालू नका, असंही सांगतील. दक्षिण समुद्राच्या राणीची ती श्रद्धा आहे, मान ठेवावा. सूर्यास्ताला जा आणि वाळूवरच थांबा.

*

संध्याकाळचं कुणी लिहिलं नाही. प्रंबाननचं रामायण नृत्य मंगळवार, गुरुवार, शनिवार, साडेसातला, दोन तास. मे ते ऑक्टोबर उघड्यावर, मागे उजळलेली मंदिरं, बाकी महिने बंद रंगमंचात. संवाद नसतात, त्यामुळे भाषेची अडचण नाही. अडचण परतीची. साडेनऊला बस नसते आणि अ‍ॅपवर गाड्या मिळेनाशा होतात. जाताना आणणाऱ्यालाच थांबवून ठेवा.

शहरात राहायचं असेल तर सोनोबुदोयो संग्रहालयात वायांग कुलित, चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ, रात्री आठच्या सुमाराला. त्या दिवशी आहे ना, हे दुपारी विचारून या. पिंगुळीच्या बाहुल्या बघितलेल्यांना घरचंच वाटेल. पडद्यासमोरच बसून राहू नका, मागे जायला बंदी नसते. तिथून दालांग, म्हणजे खेळ करणारा, एकटा सगळी पात्रं हाताळताना दिसतो, म्हशीच्या चामड्यावरचा सोनेरी रंग दिसतो. समोरून फक्त सावल्या. पानाच्या आकाराचा 'गुनुंगान' पडद्याच्या मधोमध रोवलेला असतो, तो हलला की गोष्ट सुरू. परत मधोमध रोवला की संपली. गाडी तेव्हाच मागवा, बाहेर आल्यावर सगळे एकदम मागवतात.